‘वाटते’ आणि ‘आहे’ : मानसोपचारातील यथार्थतेच्या परीक्षेविषयी काही विचार

नैराश्य, चिंता आणि तत्सम मनोविकारांवरील उपचारांत रुग्णाने आपले विचार वस्तुस्थितीशी ताडून पाहण्यास शिकावे, हा दंडक गेल्या सहा दशकांत सर्वमान्य होत गेला आहे. आरन बेक यांच्या कॉग्निटिव्ह थेरपीचा, म्हणजेच बोधात्मक उपचारपद्धतीचा, तो कणाच होय. या पद्धतीची परिणामकारकता ठरविणे हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांचे काम आहे. प्रस्तुत लेखातील प्रश्न भाषाभ्यासाच्या बाजूने उपस्थित होणारा आहे. ज्याची परीक्षा केली जाते ते नेमके काय असते? आणि रुग्ण मराठी भाषक असेल तर ही परीक्षा मराठीच्या व्याकरणातून कशी पार पडते? हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. इंग्रजीतून भाषांतरित केलेली कोष्टके मराठी रुग्णापुढे ठेवली जातात, तेव्हा त्याच्या मनात कधी न आलेल्या वाक्याची परीक्षा त्याच्याकडून करवून घेतली जाण्याचा संभव असतो.

१

विचार आणि वस्तुस्थिती यांची ताडणी ही कल्पना बेक यांच्याही आधीची आहे. फ्रॉइड यांनी १९११ सालच्या एका निबंधात मनोव्यापाराची सुखतत्त्व आणि वास्तवतत्त्व अशी दोन तत्त्वे मांडली. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या शोक आणि विषण्णता यांवरील निबंधात त्यांनी वास्तवाच्या परीक्षेचा उल्लेख एका हृद्य संदर्भात केला आहे. प्रिय व्यक्ती आता उरलेली नाही हे शोकग्रस्ताला एकदम पटत नाही; एकेक आठवण घेऊन वास्तवाचा निर्णय पुनःपुन्हा ऐकावा लागतो. येथे परीक्षा होते ती मनातील प्रतिमेची, आणि ती सावकाश, बहुतांशी नकळत होते.

बेक (१९२१–२०२१) हे मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नैराश्यग्रस्त रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास करताना, आतल्या बाजूला वळलेल्या वैरभावातून नैराश्य उद्भवते या फ्रॉइडप्रणीत उपपत्तीला पुरावा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. हाती लागले ते निराळेच. स्वप्नांत आणि जागेपणीच्या बोलण्यात हानी, अपयश व नालायकी यांचीच सूत्रे आढळू लागली. १९६३ साली त्यांनी नैराश्यातील विचारप्रक्रियेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९७६ सालच्या ग्रंथात त्यांनी एका रुग्णेचे उदाहरण दिले आहे. ती आपल्या खाजगी जीवनातील प्रसंग सांगत असे आणि सांगताना अस्वस्थ होई. या अस्वस्थतेचे कारण सांगितल्या जाणाऱ्या प्रसंगांत असेल असे कोणालाही वाटावे. परंतु विचारणा केल्यावर दिसून आले की, आपल्या बोलण्याने डॉक्टर कंटाळत आहेत, असा दुसरा एक प्रवाह तिच्या मनात त्याच वेळी वाहत होता. अशा आपोआप येणाऱ्या विचारांना पकडणे, ते लिहून काढणे आणि पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहणे, ही बेक यांची पद्धती. १९७९ साली बेक व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी लिहिलेल्या नैराश्यावरील ग्रंथात तिचे कोष्टक आढळते. प्रसंग, भावना, आपोआप आलेला विचार, त्यावरील विवेकी उत्तर आणि परिणाम, असे त्याचे मुख्य रकाने आहेत. भावनेची तीव्रता व विचारावरील विश्वास हे दोन्ही आकड्यांत मांडावयाचे असतात.

फ्रॉइड यांच्याकडून बेक यांच्याकडे येताना एक गोष्ट बदलली, तिची नोंद घेतली पाहिजे. प्रतिमेच्या जागी विधान आले. ताडणी करावयाची तर जे ताडावयाचे ते खरे किंवा खोटे ठरण्याजोगे असले पाहिजे. आणि ही योग्यता केवळ विधानार्थी वाक्यालाच असते. म्हणून कोष्टकाच्या तिसऱ्या रकान्यात विचार लिहिला जातो असे आपण म्हणत असलो, तरी तेथे प्रत्यक्षात वाक्य लिहिले जाते. ते वाक्य घडविण्याची क्रिया ही परीक्षेच्या आधीची, आणि माझ्या मते परीक्षेइतकीच निर्णायक, पायरी आहे. १९७६ व १९७९ च्या ग्रंथांतील उदाहरणांत रुग्णांची वाक्ये बहुधा तयार स्थितीत भेटतात; ती कशी तयार झाली याकडे वाचकाचे लक्ष जात नाही.

२

मनात येणारे पुष्कळसे विचार विधानाच्या रूपात येतच नाहीत. ‘मेलो आता!’ हा उद्गार आहे. ‘काय उपयोग?’ हा प्रश्न आहे. ‘पुन्हा तेच!’ यात क्रियापदही नाही. प्रश्न खरा किंवा खोटा असू शकत नाही, म्हणून उपचारक प्रश्नाचे विधान करून घेतात : ‘काय उपयोग?’ याचे ‘काहीच उपयोग नाही’ असे रूपांतर केले जाते. व्याकरणदृष्ट्या हे रूपांतर निर्दोष आहे, कारण मराठीत असा प्रश्न निषेधार्थीच असतो. तरीही त्यात काही तरी गमावले जाते. ‘मला कोण विचारतो?’ असे म्हणणारी स्त्री निषेध करीत असते हे खरे. परंतु तिच्या वाक्याचे रूप अद्याप प्रश्नाचे आहे आणि प्रश्नाला उत्तर देता येते. ‘थोरली बहीण विचारते’ हे ते उत्तर असू शकेल. तेच वाक्य ‘मला कोणीही विचारीत नाही’ असे लिहून घेतले, तर उघडे असलेले दार आपणच लावून घेतले आणि मग ते पुराव्याच्या किल्लीने उघडू लागलो, असे होते. अशा ठिकाणी रूपांतर न करता प्रश्नाला प्रश्न म्हणूनच सामोरे जाणे अधिक सोपे आणि अधिक प्रामाणिक ठरेल.

याउलट, एका बाबतीत मराठी रुग्णाला या पद्धतीचा प्रवेश अधिक सुलभ असावा. आपोआप येणारा विचार हा वाक्प्रयोग इंग्रजीत मुद्दाम घडवावा लागला. मराठीत ‘माझ्या मनात आले’ हा नित्याच्या बोलण्यातला प्रयोग आहे. त्यात विचार हा कर्ता आहे, मन हे स्थळ आहे, आणि बोलणारा केवळ त्या स्थळाचा धनी आहे. ‘मी विचार केला’ आणि ‘माझ्या मनात आले’ यांतील भेद शाळकरी मुलालाही समजावून सांगावा लागत नाही.

३

खरी अडचण पुढे आहे. कोष्टकाचा दुसरा रकाना भावनेचा आणि तिसरा विचाराचा. हे दोन वेगळे ठेवता येणे हे या पद्धतीतील प्रथम कौशल्य मानले जाते. मराठीत मात्र दोहोंच्या सीमेवर एकच क्रियापद उभे आहे, ते म्हणजे ‘वाटणे’. ‘मला वाईट वाटते’, ‘मला भीती वाटते’ ही भावना. ‘मला वाटते, तो येणार नाही’ हा तर्क. ‘मला वाटते, आपण निघावे’ ही सूचना. आणि ‘मला परके वाटते’ हे तर भावना व अनुमान यांचे अविभाज्य मिश्रण. चारही ठिकाणी अनुभव घेणारा चतुर्थीच्या रूपात, ‘मला’ असा येतो. इंग्रजीतही भावनावाचक क्रियापद मतप्रदर्शनासाठी वापरले जाते आणि तेथील उपचारक रुग्णाला त्याविषयी सावध करतात. परंतु तेथे विचारासाठी दुसरे, तितकेच रुळलेले क्रियापद हाताशी असते. मराठीत ‘मी विचार करतो की तो येणार नाही’ असे कोणी बोलत नाही. बोललेच तर ते भाषांतर आहे हे लगेच ओळखू येते.

म्हणून मराठी रुग्णाने ‘मला वाटते, मी घरच्यांना भार झालो आहे’ हे वाक्य भावनेच्या रकान्यात लिहिले, तर त्याला पद्धती समजली नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तो आपल्या भाषेशी इमान राखून लिहीत असतो. उपाय भाषेतच शोधावा लागेल, आणि तो आहे. ‘वाटणे’ या क्रियापदापुढे नाम किंवा विशेषण आले आहे की संपूर्ण वाक्य आले आहे, एवढे पाहिले तरी बराचसा निवाडा होतो. ‘वाईट’, ‘भीती’, ‘लाज’ हे शब्द भावनेच्या रकान्यात जावेत; ‘मी भार झालो आहे’ हे वाक्य विचाराच्या रकान्यात जावे. ‘परके वाटते’ यासारखे प्रयोग मात्र या कसोटीने सुटत नाहीत. तेथे ‘कोण परके मानते?’ असे विचारून दडलेले वाक्य बाहेर काढावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मराठीत ‘वाटणे’ याच्या जोडीला ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने सिद्ध होणारा एक वर्ग आहे : ‘समज करून घेणे’, ‘मनाला लावून घेणे’, ‘ओढवून घेणे’. या वर्गात कर्ता पुन्हा प्रथमेत किंवा तृतीयेत उभा राहतो. ‘मला वाटले की ते माझ्यावरच हसले’ या वाक्यात बोलणाऱ्यावर काही घडले आहे; ‘ते माझ्यावरच हसले असा मी समज करून घेतला’ या वाक्यात बोलणाऱ्याने काही केले आहे. इतरांच्या वागण्याचा रोख आपल्याकडेच आहे असे मानण्याच्या दोषाला बेक यांना खास नाव द्यावे लागले. ‘मनाला लावून घेणे’ हा प्रयोग त्या दोषाच्या अगदी निकट येतो आणि त्यातील आत्मकर्तृत्वही सांगून जातो. चतुर्थीकडून कर्त्याकडे होणारे हे स्थित्यंतर हेच मराठीतील उपचाराचे व्याकरण होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

४

आता प्रत्यक्ष ताडणीकडे वळू. ‘यथार्थ’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे तो न्यायशास्त्रातून. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अनुभव यथार्थ व अयथार्थ असा द्विविध मानला असून, अयथार्थाचे संशय, विपर्यय आणि तर्क असे तीन प्रकार सांगितले आहेत. दोरीच्या जागी सर्प दिसणे हा विपर्यय. हा खांब की मनुष्य, हा संशय. नैराश्यग्रस्ताची अवस्था विपर्ययाची असते. तो शंका घेत नसतो. त्याला खात्री असते. शेजारी न बोलता पुढे गेला, तेव्हा ‘तो माझ्यावर रागावला आहे’ असे त्याच्या मनात येते आणि ते ‘आहे’ या क्रियापदाने येते.

पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष, असे बेक यांचे याविषयीचे निदान आहे. नैयायिकाचे निदान अधिक नेमके ठरेल. येथे पुरावा नाही असे नाही. ‘न बोलणे’ हा हेतू दिलेला आहे. दोष असा की तो हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे जेथे राग नाही तेथेही तो आढळतो. माणसे घाईत असतात, त्यांना दिसत नाही, दात दुखत असतो. रुग्णाला ‘तुझ्याकडे पुरावा नाही’ असे म्हटले तर तो दुखावतो, कारण त्याने जे पाहिले ते त्याने खरोखरच पाहिलेले असते. ‘राग नसतानाही असे घडते काय?’ हा प्रश्न त्याच्या निरीक्षणाचा मान राखून अनुमान तेवढे तपासतो. उपचारकाने विचारावयाचा प्रश्न हाच होय.

या तपासासाठी मराठीने सूक्ष्म साधने दिली आहेत. ‘तो रागावला आहे’, ‘रागावला असणार’, ‘रागावला असावा’, ‘रागावला असेल’, ‘रागावला की काय’ ही उतरत्या निश्चयाची शिडीच आहे. ‘असणार’ यात बलवत्तर अनुमान, ‘असावा’ यात कारणांवरून केलेला तर्क, ‘असेल’ यात केवळ शक्यता, आणि ‘की काय’ यात शंका. ऐकीव गोष्टीसाठी ‘म्हणे’ आहे : ‘मी गर्विष्ठ आहे म्हणे!’ या एका अव्ययाने विधानाची जबाबदारी बोलणाऱ्याच्या खांद्यावरून उतरते. निरोगी मनुष्य दिवसभर या शिडीवर चढउतार करीत असतो. नैराश्यात ही चढउतार थांबते आणि सारी वाक्ये ‘आहे’ व ‘नाही’ यांच्यावर येऊन बसतात.

यावरून एक सूचना करावीशी वाटते. विश्वासाचे प्रमाण शेकड्यात मांडा, असे कोष्टक सांगते. ज्याला शेकडेवारीची सवय नाही, त्याला ‘हा विचार सत्तर टक्के खरा वाटतो’ हे वाक्य निरर्थक आहे. ‘आहे म्हणाल, असणार म्हणाल, की असेल म्हणाल?’ असे विचारले तर निरक्षर माणूसही बिनचूक उत्तर देऊ शकेल, कारण ही मोजपट्टी त्याला आईच्या भाषेबरोबर मिळालेली आहे. विपर्ययाकडून थेट यथार्थ ज्ञानाकडे उडी मारता येत नाही; मध्ये संशयाची पायरी लागते. ‘आहे’ चे ‘असेल’ होणे हीच ती पायरी, आणि पुष्कळदा तेवढ्यानेही मनावरचे ओझे हलके होते.

५

अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांची पद्धती बेक यांच्याहून काहीशी जुनी. त्यांनी १९५५ च्या सुमारास तिला आरंभ केला आणि १९६२ च्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. महाराष्ट्रात ती ‘विवेकनिष्ठ’ या विशेषणाने ओळखली जाते. मराठी वाचकांना तिचा परिचय करून देणाऱ्यांत कि. मो. फडके यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. एलिस यांचा भर वस्तुस्थितीच्या विधानांवर कमी आणि आग्रहावर अधिक आहे. ‘यश मिळाले तर बरे’ ही इच्छा निरोगी. ‘यश मिळालेच पाहिजे’ हा हट्ट विकारजनक, असे त्यांचे म्हणणे.

हा भेद मराठीत आणताना ‘पाहिजे’ या रूपाचा विचार अटळ आहे. ते मूळचे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप असून आज ते दोन कामे करते. ‘मला चहा पाहिजे’ यात साधी इच्छा आहे. ‘वेळेवर आले पाहिजे’ यात कर्तव्य आहे. इच्छा आणि सक्ती यांमधील जी रेषा एलिस यांना इंग्रजीत दोन वेगळ्या क्रियापदांनी आखता आली, ती मराठीत एका क्रियापदाच्या पोटातून जाते. ‘पाहिजे हा शब्द टाळा’ असा उपदेश मराठी रुग्णाला केला, तर त्याला चहा मागणेही कठीण होईल! मराठीत हट्टाचे खरे चिन्ह ‘च’ हे आहे. ‘मिळाले पाहिजे’ आणि ‘मिळालेच पाहिजे’ यांत विकार कोठे शिरला ते या एका अक्षरावरून दिसते. आणि ‘मिळावे’ हे विध्यर्थी रूप निरोगी इच्छेसाठी सिद्धच आहे.

एलिस यांच्यावर आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांच्या १९३३ सालच्या ग्रंथाचा आणि त्यातून निघालेल्या विचारसंप्रदायाचा प्रभाव होता. त्या संप्रदायातील बोरलँड यांनी १९६५ साली इंग्रजीतील ‘असणे’ या क्रियापदाची सर्व रूपे वर्ज्य करून लिहिण्याची कल्पना मांडली, आणि एलिस यांनी हार्पर यांच्यासह लिहिलेल्या एका ग्रंथाची १९७५ ची आवृत्ती या बंधनात राहून सिद्ध केली. मनुष्याच्या एका कृतीवरून त्याचे सारे अस्तित्व ‘तो अमुक आहे’ असे शिक्का मारून ठरवू नये, हा त्यामागील हेतू. हेतू योग्य आहे. परंतु मराठीत या व्रताची तितकी आवश्यकता नाही. परीक्षेत किंवा धंद्यात फसलेला मराठी माणूस सहजपणे म्हणतो, ‘मला अपयश आले.’ अपयश ही येणारी गोष्ट आहे. जे आले ते जाऊही शकते. ‘मी अपयशी आहे’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असले तरी त्यात इंग्रजी घडणीचा वास येतो. भाषांतरित प्रश्नावलीत हेच वाक्य छापले जाते आणि रुग्णाने त्यापुढे खूण करावी अशी अपेक्षा असते. जे अपयश घटना म्हणून आले होते, ते स्वभाव म्हणून त्याच्या पदरात टाकण्याचे काम अशा वेळी उपचाराचे साधनच करते. प्रस्तुत लेखातील सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे.

६

एवढ्यावरून साऱ्या मनोदुःखाचे मूळ वाक्यदोषात आहे असे कोणी समजू नये. या पद्धतीच्या मर्यादा स्वतः तिच्या अभ्यासकांनीच दाखविल्या आहेत. १९७९ साली लॉरेन अलॉय व लिन अब्रॅमसन यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. बटण दाबल्याने दिवा लागणे आपल्या हाती कितपत आहे, याचा अंदाज करावयाचा होता. त्यात नैराश्याकडे झुकलेल्या विद्यार्थ्यांचे अंदाज इतरांपेक्षा अधिक अचूक निघाले. पुढील सर्व प्रयोगांनी या निष्कर्षाला दुजोरा दिलेला नाही. तरीही खिन्न मनुष्य चुकतोच, हे गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले. १९९६ साली जेकबसन व सहकाऱ्यांनी दाखविले की, विचारांची तपासणी वगळून केवळ कृतीला प्रवृत्त करणाऱ्या भागानेही रुग्ण तितकेच सुधारतात. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी दिलेला उपचार मुख्यतः कृतिप्रधानच होता, आणि त्याचा रुग्णांना लाभ झाला. विचार ताडून पाहण्यापेक्षा तो येतो आणि जातो एवढेच न्याहाळावे, असे सांगणारे संप्रदायही आता प्रबळ आहेत.

याशिवाय काही वाक्ये खरीच असतात. ‘हे कर्ज माझ्या हयातीत फिटणार नाही’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब बरोबर असू शकतो. त्याला पुरावा मागणे हा दुःखावर डाग देण्याचा प्रकार होईल. बेक यांची पद्धती अशा वेळी प्रत्यक्ष अडचणीकडे वळावयास सांगते, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु वळणाची जागा ओळखण्यासाठी पुन्हा वाक्यच पाहावे लागते. ‘कर्ज फिटणार नाही’ हे एक वाक्य, आणि ‘म्हणून माझ्या जगण्यात राम नाही’ हे दुसरे. दोहोंना जोडणारा ‘म्हणून’ हा शब्द कोणत्याही हिशेबाच्या वहीतून आलेला नसतो. तपासणी त्या ‘म्हणून’ची करावयाची, पहिल्या वाक्याच्या बाबतीत बँक, सावकार आणि शासन यांच्याशीच बोलावे लागेल.

आणखी एक धोका आपल्या परंपरेतून संभवतो. मनाला संबोधून बोलण्याची सवय मराठीला जुनी आहे. समर्थांचे मनाचे श्लोक घरोघर म्हटले जातात. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हणही सर्वांच्या तोंडी असते. परंतु श्लोकांतील संबोधन उपदेशाचे आहे आणि म्हणीचा सूर आरोपाचा. उपचारकाच्या प्रश्नाला उत्तर ठाऊक नसावे लागते. ‘खरेच तसे आहे का?’ हा प्रश्न ‘तसे नाहीच मुळी’ अशा सुरात विचारला गेला, की चौकशीची प्रवचनात परिणती होते आणि रुग्ण मान डोलावून घरी जातो.

सारांश, विचारांची वस्तुस्थितीशी ताडणी ही प्रथमतः वाक्यांची ताडणी आहे आणि वाक्ये कोणत्या तरी एका भाषेचीच असतात. मराठीसाठी कोष्टके करावयाची तर ‘वाटणे’ याचे दुहेरी कार्य, ‘घेणे’ या सहायकाचे सामर्थ्य, ‘आहे’ पासून ‘की काय’ पर्यंतची निश्चयाची शिडी, आग्रहदर्शक ‘च’ आणि ‘अपयश येणे’ यासारखे घटनावाचक प्रयोग यांची दखल घेऊन ती मुळातूनच रचावी लागतील. त्यासाठी रुग्ण प्रत्यक्ष कसे बोलतात याचे, त्यांची ओळख गुप्त राखून केलेले, संकलन प्रथम हवे. आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचे बोलणे त्यात प्रमाण मराठीत न बदलता नोंदले गेले पाहिजे. हे काम मानसोपचारतज्ज्ञ आणि भाषाभ्यासक यांनी मिळून करण्याजोगे आहे. भाषाभ्यासाच्या विभागांनी त्यात आपला वाटा उचलावा, एवढीच येथे विनंती आहे.